पहाटे भिंतीत धाडधाड, वर शॉवर टिपटिप : नळाच्या आवाजाचं आणि दाबाचं काय करावं?

कुळागरवाला

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमचं जुनं घर. खालचा मजला आजोबांच्या वेळचा, चिऱ्यांचा. वरचा मजला नंतर चढवलेला. वर स्लॅब, स्लॅबवर हजार लिटरची काळी टाकी आणि तिच्यावर मंगळुरी कौलांचं छप्पर.

त्रास दोन आहेत. पहाटे सरकारी पाणी आलं की थोड्या वेळाने आईच्या खोलीतल्या भिंतीतून आधी घूंऽऽ असा आवाज येतो आणि मग धाडधाडधाड. मीटरपासून टाकीपर्यंत जाणारा जुना लोखंडी पाइप त्याच भिंतीवरून वर चढतो. आईला रोज वाटतं कोणीतरी दार वाजवतंय. दुसरा त्रास वरच्या बाथरूमचा. खाली पाणी धो धो आणि वर शॉवर रडतो. बायकोने हौसेने मोठा गोल रेन शॉवर आणलाय, त्याच्या मधल्या चार भोकांतून पाणी टपकतं, बाकीची कोरडी.

प्लंबर आला, भिंतीला कान लावला, "पात्रांव (मालक), प्रेशर पंप घाला, दोन्ही जातलें" असं म्हणून निघून गेला. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर भरतं, त्याआधी काहीतरी करायचंय. पंप घेऊ का? कोणता घेऊ?

मांडवीपल्याड

घ्या. आम्ही घेतला, सुखी आहोत. अर्धा एचपी पुरतो.

दाबमापक

थांबा, पंपाचं नंतर बघू. दोन वेगळ्या दुखण्यांवर एकच गोळी मिळाली की मला शंका येते. तुमचा आवाज सरकारी लाइनीत आहे आणि कमी दाब टाकीच्या लाइनीत. या दोन लाइनींचा एकमेकींशी संबंध फक्त टाकीपुरता. टाकीच्या पुढे पंप लावून मीटर ते टाकी या पाइपातला आवाज कसा जाणार?

काही गोष्टी सांगा. आवाज पाणी आल्याआल्या सुरू होतो की टाकी भरत आल्यावर? त्या वेळी घरातला एखादा नळ उघडा असतो का? वरच्या बाथरूमला टाकीतून वेगळा पाइप आहे की खालच्याच पाइपातून फाटा काढलाय? टाकी स्लॅबवर थेट आहे की खाली काही चौथरा? आणि बादलीचा नळ पूर्ण उघडून १० लिटरची बादली भरायला वर किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. "रडतो" यावरून मला काही कळत नाही.

पेडण्याचा_पाव्हणा

धो धो येतंय आणि तक्रार करताय. आमच्याकडे लाइनीच्या शेपटाला मीटरमधून आधी हवा येते, मग आणखी हवा येते, मग पाणी. २०२२ मध्ये गोव्याला 'हर घर जल'चं प्रमाणपत्र मिळालं, देशात पहिलं राज्य. नळ आहे हो घरात. झाडाला पाणी घालायला विहीर आहे म्हणून निभावतं.

कुळागरवाला

@दाबमापक, सगळं बघून आलो.

आवाज लगेच येत नाही. टाकी पाऊणच्या वर गेली की सुरू होतो आणि पूर्ण भरेपर्यंत चालतो. स्वयंपाकघरातला थेट लाइनीवरचा नळ उघडला की थांबतो, बंद केला की पुन्हा सुरू. टाकीला दोन आउटलेट आहेत, खालच्या मजल्याचा एक इंची आणि वरच्या बाथरूमचा पाऊण इंची, दोन्हींवर पितळी गेट व्हॉल्व्ह. टाकी थेट स्लॅबवर ठेवलीय. वर १० लिटरची बादली भरायला चार मिनिटांच्या वर लागतात. खाली मिनिटभरही नाही.

दाबमापक

झकास. आता बोलता येईल.

पहिला आवाज जवळजवळ नक्की बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की फुग्याने आपोआप बंद होणाऱ्या तोटीचा आहे. टाकी रिकामी असते तेव्हा फुगा खाली लोंबत असतो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आवाज नाही. पाणी वर आलं की फुगा तोटी हळूहळू आवळतो. आता पडणाऱ्या पाण्याने टाकीत लाटा उठलेल्या असतात. लाट आली, फुगा वर, तोटी बंद. लाट गेली, फुगा खाली, तोटी उघडी. दर वेळी तोटी बंद होते तेव्हा पाइपातलं धावतं पाणी अडतं आणि दाबाची एक लहर मागे मीटरकडे धावते. भरलेल्या बसला करकचून ब्रेक लागला की मागची माणसं पुढच्यांवर आदळतात, तसं पाइपात होतं. ती लहर परत येऊन फुग्याला हलवते आणि हे चक्र सुरूच राहतं. वेगात चाललं की घूंऽऽ, सावकाश चाललं आणि पाइप भिंतीवर सैल असला की धाडधाड. स्वयंपाकघरातला नळ उघडल्यावर थांबतं, कारण लाइनीतला दाब उतरतो आणि लहरीला बाहेर पडायला वाट मिळते.

हा धक्का किती मोठा असतो त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून याचा हिशोब बसवला. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारं पाणी लोखंडी पाइपात अगदी एकाएकी अडवलं तर दाब क्षणभर १२ ते १३ बारने (बार हे दाबाचं माप) वाढतो. प्लास्टिकचे पाइप थोडे फुगतात, त्यामुळे त्यांच्यात हाच आकडा निम्म्याहूनही खाली येतो. नव्या घरांत हा ठणठणाट कमी आणि जुन्या लोखंडी लाइनींत जास्त ऐकू येतो, त्याचं एक कारण हे.

पहाटेच का? तेव्हा गावात कोणी पाणी वापरत नसतं. फोंड्याकडे पाणी डोंगरावरच्या टाक्यांतून उतरतं. टाकी तुमच्या घरापेक्षा ४० मीटर उंच असेल तर सगळे नळ बंद असताना तुमच्या मीटरपाशी ४ बारच्या आसपास दाब उभा राहतो. दर १० मीटरला साधारण १ बार, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

उद्या पहाटे वर जा आणि आवाज सुरू झाला की फुगा हाताने उचलून धरा. थांबला तर पुढे बोलू.

हातोडी

माझा धंदाच हा आहे, म्हापशाकडे. दाबमापक बरोबर सांगतायत. अशा घरी मी काय करतो ते लिहितो.

आधी मीटरजवळचा कॉक थोडा आवळायचा. पूर्ण उघडा ठेवायची काही गरज नसते. टाकी भरायला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे. निम्म्या घरांत एवढ्यानेच आवाज जातो आणि मला चहा पिऊन परत यावं लागतं.

नाही गेला तर बॉल कॉक उघडून आतला वायसर (रबरी चकती) बघायचा. रबर कडक होऊन त्याला चीर पडलेली असते, किंवा पिन झिजून दांडा खुळखुळत असतो. नवीन पितळी घ्या, फुगा जरा मोठा घ्या. पांढरा प्लास्टिकचा स्वस्तातला घेऊ नका, या दाबाला तो टिकत नाही. फुग्याच्या दांड्याला खाली एक प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडेल असा टांगायचा, बुडाला दोन-तीन भोकं पाडून. फुग्याला लाटेबरोबर नाचता येत नाही. दिसायला गावठी आहे, पण चालतो.

आणि भिंतीवरचे क्लँप. जुन्या घरात चिऱ्यात लाकडी खुंटी ठोकून तिच्यावर क्लँप मारलेला असतो. खुंटी कुजली की क्लँप नावालाच उरतो. चिऱ्यात ड्रिल मारून प्लग बसतो, पण चिरा मऊ असेल तर तोही निघून येतो, तिथे सिमेंटात भरावा लागतो. पाइप आणि क्लँपच्या मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा.

मांडवीपल्याड

बॉल कॉकच्या तोंडाला पाइप जोडून तो टाकीच्या तळापर्यंत सोडला तर लाटाच उठणार नाहीत. पाणी आवाज न करता भरेल. आमच्या जुन्या घरी तसंच होतं.

दाबमापक

करू नका. आवाज जाईल हे खरं, पण मुख्य लाइनीतलं पाणी गेलं आणि लाइन उतारावर रिकामी झाली की तो बुडालेला पाइप तुमच्या टाकीतलं पाणी मागे ओढायला लागतो. टाकीतलं शिळं पाणी, त्यात पडलेली पाल असेल तर पालीसकट, गावाच्या लाइनीत. आणि सकाळी टाकी अर्धी रिकामी बघून तुम्ही मीटरला दोष देणार. बॉल कॉकचं तोंड पाण्याच्या वरच राहायला हवं. ती मधली हवा मुद्दाम ठेवलेली असते.

शेवंती

धागा चांगला चाललाय म्हणून माझंही विचारते. साखळीला आमच्याकडे विहीर आहे, पंप विहिरीपाशी आणि टाकी घराच्या वर. पंप चालू असतो तोवर काही नाही. बंद केला की एकच धडाम! खिडकीच्या काचा हलतात. वीज गेली की तसंच, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे. सासरे म्हणतात पंप मोठा आहे म्हणून होतं.

दाबमापक

पंपाच्या आकारापेक्षा त्या पाइपावरच्या एनआरव्हीकडे, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हकडे बघा. पंप थांबतो तेव्हा पाइपातलं पाणी आधी थोडं वर जात राहतं, मग थांबतं, मग मागे फिरतं. साधी लोंबती झडप असलेला एनआरव्ही आळशी असतो, पाणी मागे धावायला लागल्यावर तो दाणकन आपटतो. त्या जागी स्प्रिंगचा एनआरव्ही बसवा. स्प्रिंग त्याला पाणी मागे फिरायच्या आतच बंद करते. पंप विहिरीच्या वर ठेवलेला असेल तर विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्हही (पाइपातलं पाणी खाली उतरू न देणारा) तपासून घ्या. तो गळत असेल तर पंपात दर वेळी पाणी ओतावं लागत असेल.

शेवंती

ओतावं लागतं! तांब्या तिथेच ठेवलेला असतो कायमचा. बरं, प्लंबरला दोन्ही सांगते.

पर्वरीतला_भाडेकरू

माझं प्रकरण भुताटकीचं. फ्लॅटला प्रेशर पंप आहे, बाल्कनीत. रात्री सगळे झोपलेले, एकही नळ उघडा नाही, आणि दर थोड्या वेळाने पंप गुर्रऽ करून दोन सेकंद चालतो आणि थांबतो. घरमालक म्हणतात पंप असाच असतो.

हातोडी

पंप तसा नसतो, फ्लशची टाकी तशी असते. कमोडमध्ये पाणी झिरपतंय. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत चमचाभर हळद किंवा खायचा रंग टाका, फ्लश करू नका. सकाळी कमोडमध्ये रंग उतरला असेल तर आतलं रबर बदला.

पर्वरीतला_भाडेकरू

हळद टाकली होती. कमोड पिवळा. रबर बदललं. आता रात्री शांत, पण दिवसा नळ उघडला की पंप टकटक चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. पाणीही उसळ्या मारत येतं.

दाबमापक

पंपाला छोटी गोल टाकी जोडलेली आहे ना, फुटबॉलएवढी किंवा मोठी? तिच्यात रबरी पिशवी असते, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. हवा निघून गेली की पंपाला उसंत मिळत नाही. वीज बंद करा, एक नळ उघडून लाइन पूर्ण रिकामी करा, मग टाकीच्या मागच्या टोपणाखाली सायकलसारखा व्हॉल्व्ह असेल त्याची पिन दाबा. हवा आली तर सायकलच्या पंपाने भरा, पाण्याचा पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा ०.२ बार कमी. तुमचा १.५ बारला सुरू होत असेल तर १.३. पाणी आलं तर पिशवी फाटलीय, टाकी बदला. पाणी भरलेलं असताना हवेचा दाब मोजू नका, आकडा खोटा येतो.

कुळागरवाला

मी परत आलो. फुगा उचलून धरला, आवाज गप्प. सोडला, सुरू. खाली दाबून धरला तरी गप्प. आईला खालून ओरडून विचारत होतो, ती म्हणाली आता कसं शांत वाटतंय, तसाच धरून ठेव. 😀

मीटरजवळचा कॉक आवळून धाडधाड गेलं, घूंऽऽ थोडं उरलं. बॉल कॉक उघडला तर वायसरच्या मधोमध खोल खड्डा आणि पिन बोटाने हलते. नवीन बसवला, खाली श्रीखंडाचा रिकामा डबा टांगला. आता आवाज नाही. भिंतीवरचे क्लँप पाऊस संपल्यावर.

आता शॉवर.

दाबमापक

आता हिशोब करू. टाकी स्लॅबवर, म्हणजे तिचा तळ बाथरूमच्या फरशीपासून सव्वातीन मीटरवर. शॉवर फरशीपासून दोन मीटरच्या थोडा वर. टाकी अर्धी भरलेली धरली तर शॉवरच्या डोक्यावर पाण्याची उंची जेमतेम दीड मीटर. म्हणजे ०.१५ बार. खालच्या मजल्यावर तीन मीटर आणखी मिळतात, म्हणून तिथे तिप्पट. रेन शॉवर बहुतेक १ बारच्या आसपासच्या दाबाला नीट चालतात, ०.१५ ला त्यांच्याकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. वहिनींना सांगताना माझं नाव घेऊ नका.

पण बादलीचा नळ शॉवरपेक्षा बराच खाली असतो. तिथे पाण्याची उंची तीन मीटरच्या घरात मिळते. तरी चार मिनिटं? मिनिटाला अडीच लिटर? हे कमी उंचीमुळे होत नाही. कुठेतरी अडलंय.

शोधायला गवंड्याची लेव्हल नळी आणा, पारदर्शक असते ती. वरच्या बाथरूममधल्या हेल्थ फॉसेटचा पाइप काढून त्या कॉकला नळी घट्ट बसवा. बाकी सगळं बंद. कॉक उघडा आणि नळीचं टोक छतापाशी धरा. पाणी वरून सांडायला हवं, कारण टाकीची पातळी छताच्या वर आहे. मग कोणाला तरी बेसिनचा नळ पूर्ण उघडायला सांगा आणि नळीतलं पाणी कुठे जाऊन थांबतं ते बघा. पाइप मोकळा असेल तर पातळी वीत-दोन वीत उतरेल. अडला असेल तर धपकन खाली येईल.

हातोडी

हे चांगलं आहे. मी प्रेशर गेज लावतो, पण ०.१५ बारला गेजचा काटा हलतसुद्धा नाही.

कुळागरवाला

नळी शेजारच्या बांधकामावरून मागून आणली. मेस्त विचारायला लागला, बाथरूमची लेव्हल काढताय काय.

नळीचं टोक छताला लावलं, पाणी वरून सांडलं, मी भिजलो. मग मुलीने बेसिनचा नळ उघडला. नळीतलं पाणी सरसर उतरत माझ्या कमरेपाशी येऊन थांबलं. बेसिन बंद केल्यावर परत वर चढायला लागलं, पण इतकं सावकाश की हात दुखला.

दाबमापक

टाकीपासून बाथरूमपर्यंत कुठेतरी पाइप गळा दाबल्यासारखा झालाय. तीन संशयित. टाकीच्या आउटलेटपाशी बसलेला गाळ. गेट व्हॉल्व्ह. पाइप लोखंडी असेल तर आतून आलेला गंज. आपल्याकडे जांभ्याच्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. मऊ असल्यामुळे क्षाराचे थर फार जमत नाहीत, पण लोखंड मात्र आतून खात राहतं. टाकीत कधी विहिरीचं पाणी चढवत होतात का?

पाइप जितका आत अरुंद होतो त्याच्या कितीतरी पट पाणी कमी होतं. त्याच प्रवाहाला आतला व्यास निम्मा झाला तर अडथळा सुमारे ३२ पट होतो. पाऊण इंची पाइप बाहेरून पाऊणच दिसतो, आत बोट जात नाही.

सत्तरीचा_पाऊस

हवा अडकली असेल काय? आमच्याकडे टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली की वरच्या नळाला फुस्स होतं आणि पाणीच येत नाही. पाइप टाकीतून निघाल्यावर तुळईवरून चढून जातो.

हातोडी

तुमच्याकडे हवा, त्यांच्याकडे नाही. हवा अडकली असती तर नळीत पाणी छतापर्यंत गेलं नसतं. तुळईवरचा तो उंचवटा काढून पाइप टाकीपासून सतत उताराने न्या. ते जमत नसेल तर उंचवट्यावर टी बसवून एक उभा पाइप टाकीच्या पाण्याच्या वर न्या, वरचं तोंड उघडं ठेवा आणि वाकवून खाली वळवा, म्हणजे पाल-झुरळ पडणार नाही. तोवर तात्पुरतं म्हणून थेट लाइनीच्या नळाला बागेचा पाइप लावा, दुसरं टोक अडलेल्या नळाला, दोन्ही उघडा. लाइनीचा दाब हवा टाकीत ढकलतो. गुडगुड आवाज थांबला की दोन्ही नळ बंद करून पाइप लगेच काढा. लावून विसरायचा नाही.

कुळागरवाला

विहिरीचं पाणी आधी चढवायचो, आता नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपारजवळ ओपा जलशुद्धीकरण केंद्राच्या मोठ्या वाहिन्या फुटून फोंडा-पणजी कोरडं पडलं होतं तेव्हाही टाकीत विहिरीचंच पाणी होतं. लाइन परत सुरू झाल्यावर जे लाल पाणी आलं तेही सगळं टाकीत गेलं.

टाकी रिकामी करून धुतली. तळाशी बोटभर लाल चिखल. आउटलेट त्याच्या वर आहे, जाळी मोकळी. मग हातोडी यांच्या ओळखीतले एक काका आले (व्यक्तिगत निरोप केला होता, आभार). त्यांनी आधी गेट व्हॉल्व्हचं चाक फिरवून बघितलं. उघडतं, बंद होतं, सगळं ठीक वाटत होतं. ते म्हणाले, चाक फिरतंय पण हाताला आतलं काही लागत नाही. व्हॉल्व्ह खोलला. दांडा फिरत होता, आणि खालची पितळी पाचर दांड्यापासून सुटून अर्ध्यात लटकलेली! म्हणजे आम्ही इतकी वर्षं चाक पूर्ण उघडून ठेवत होतो आणि आत दार अर्ध्याच्या वर लावलेलं होतं. पाचरेच्या कडेला गंजाचा पोपडा, त्यामुळे उरलेली फटही अर्धी.

हातोडी

काका मुरलेले आहेत. गेट व्हॉल्व्ह दोन-चार वर्षं न फिरवता ठेवला की पाचर जाम होते, मग कोणीतरी जोर लावतो आणि आतले आटे तुटतात. बाहेरून काहीच कळत नाही. कधी कधी ती सुटलेली पाचर पाण्याबरोबर थरथरते आणि घरभर गुणगुण ऐकू येते, माणसं पाइप बदलतात, आवाज तसाच. त्या जागी फुल बोअरचा (आतलं भोक पाइपाएवढंच असलेला) बॉल व्हॉल्व्ह घाला, एक इंची. दर काही महिन्यांनी एकदा फिरवत जा. बंद करताना सावकाश, पाव फेऱ्यात बंद होतो तो.

कुळागरवाला

घातला. जाताना काकांनी आउटलेटपासून बाथरूमपर्यंतचा लोखंडी तुकडा काढून सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाइप) घातला, एक इंची, एल्बो (वळणाचे जोड) दोन कमी करून. बादली आता सव्वा मिनिटात भरते.

शॉवर मात्र अजून मधल्या भोकांतूनच. आधीपेक्षा बरा. पण रेन नाही, शिंतोडे.

मांडवीपल्याड

म्हणून मी म्हणत होतो, पंप.

दाबमापक

आता पंपाचं बोलता येईल, कारण आता पाइप मोकळा आहे. आधी लावला असता तर त्या अर्ध्या फटीतून ओढताना पंपाने आणखी वेगळे आवाज काढले असते.

तीन रस्ते आहेत. शॉवर बदला, कमी दाबावर चालणारा लहान चकतीचा घ्या. यात खर्च सगळ्यात कमी आणि घरात वाद सगळ्यात जास्त. दुसरा, टाकी उचला. चार फूट उचलली तर ०.१२ बार मिळतात, म्हणजे आत्ताच्या जवळपास दुप्पट. पण भरलेली टाकी एक टनाची आहे. ती स्लॅबच्या मधोमध चिरे रचून उभी करू नका. खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच, आणि ज्याने वरचा मजला बांधला त्याला किंवा इंजिनिअरला दाखवून. तुमच्यावर कौलं आहेत, तेवढी उंची मिळते का तेही बघा.

तिसरा पंप, फक्त वरच्या बाथरूमपुरता. यात एक खोच आहे. फ्लो स्विचवाला पंप पाणी आपणहून थोडं वाहायला लागल्यावरच सुरू होतो. शॉवर टाकीच्या इतक्या जवळच्या उंचीवर असला की कधी सुरू होतो, कधी होत नाही. प्रेशर स्विचवाला, म्हणजे दाब उतरला की सुरू होणारा घ्या, छोट्या टाकीसकट. पंप रबराच्या पट्टीवर बसवा, दोन्ही बाजूंना लवचिक पाइप द्या, नाहीतर स्लॅब गुणगुणेल आणि आई पुन्हा उठेल. गिझरच्या लेबलवर तो किती बारचा आहे ते वाचून घ्या. आणि पंप टाकीच्या पुढेच. सरकारी लाइनीवर थेट मोटर लावायला परवानगी नसते. लाइनीत ओढ निर्माण झाली की गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत शिरतं, आणि वरच्या वळणावरच्या घराचा नळ बंद पडतो.

पेडण्याचा_पाव्हणा

त्या वरच्या वळणावर मी राहतो. धन्यवाद.

दाबमापक

@पेडण्याचा_पाव्हणा, तुमच्यासाठी उपाय सरळ आहे. जमिनीत किंवा जमिनीलगत टाकी, बॉल कॉक लावून. जमिनीच्या पातळीला जे काही दाबाने येतं ते रात्रभर भरू दे, तिथून मोटरने वर. लाइनीतलं पाणी थेट छतावर चढवायचा हट्ट धरला तर तिथे पोचायलाच ०.६-०.७ बार लागतो, आणि शेपटाला तेवढा नसतो.

शेवंती

स्प्रिंगचा एनआरव्ही बसला. वीज गेली तेव्हा फक्त टक्क असा आवाज आला, सासरे बघायला बाहेर आले की पंप चालू होता की नाही. फूट व्हॉल्व्हही बदलला. तांब्या आत आणला.

एक उरलंय. गिझर लावला की बाथरूमच्या भिंतीत टिक… टिक… टिक येतं. गळतंय का?

हातोडी

गरम पाण्याचा पाइप सीपीव्हीसी आहे ना? तो तापला की लांबतो. तीन मीटरचा पाइप ४० अंशाने तापला तर जवळजवळ ८ मिलिमीटर. भिंतीत घट्ट गाडलेला किंवा क्लँपमध्ये आवळलेला असेल तर अडकत अडकत सरकतो, त्याची टिकटिक. गार होतानाही येईल. खात्रीसाठी सगळे नळ बंद करून मीटर बघा, किंवा तुमचं विहिरीचं असेल तर टाकीची पातळी रात्री खूण करून सकाळी बघा. उतरली नसेल तर गळती नाही. बाहेरचे क्लँप सैल करा, भिंतीतलं पुढच्या वेळी फरशा काढाल तेव्हा.

पर्वरीतला_भाडेकरू

पिशवी फाटलेली निघाली. घरमालकांनी नवीन टाकी दिली, भाड्यातून कापायची असं ठरलं होतं, बोलणी चालू आहेत.

कुळागरवाला

शेवटी लहान चकतीचा शॉवर आणला. बायकोला दोन्ही लावून दाखवले, एकाखाली एक, बादली आणि घड्याळासकट. रेन शॉवर खाली पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गेला. तिथेही पूर्ण चालत नाही, पण शिंतोड्यांपेक्षा बरा. पंपाचं मे महिन्यात बघू, टाकी उचलायची की नाही ते मेस्ताला विचारून. क्लँपसाठी काका चवथीनंतर येतो म्हणालेत.